कांदा बंद आहे

कँटीनमधले वडे संपले असं कोणी येऊन सांगितलं, की आम्ही बाकीचे हळहळायचो आणि पोह्यांवर समाधान मानायचो. सर तसं करत नसत. ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, "कोणी सांगितलं?" रांगेतल्या कोणीतरी. त्याला कोणी सांगितलं? त्याच्या पुढच्याने. आणि त्या पुढच्याला? इथवर आलं की सांगणारा कंटाळून निघून जाई. मग सर चपला सरकवून कँटीनच्या मागच्या दाराने थेट भटारखान्यात शिरत आणि थोड्या वेळाने कागदात गुंडाळलेले गरम वडे घेऊन येत. ते एकटेच खात. आम्हाला देत नसत, कारण त्यांच्या मते वडे संपल्याचं आम्ही मान्य केलेलं होतं.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. सिल्वासात आमचा धाग्याचा कारखाना होता. सर मूळचे नाशिकचे, इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. ऐंशीच्या दशकात करमाफीसाठी इथे धडाधड कारखाने उभे राहिले, तेव्हा तेही आले. आधी त्यांनी कारखान्याचं टेलिफोन एक्स्चेंज सांभाळलं. मग कॉम्प्युटर आले, तेव्हा वायरींना न घाबरणारा माणूस म्हणून ते खातंही त्यांच्या गळ्यात पडलं. 'गळ्यात पडलं' हे शब्द त्यांचे. प्रत्यक्षात त्यांनी त्या खात्याला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता.

सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीचं नमुन्यांचं गोदाम. पण मालकांच्या केबिननंतर एसी होता तो तिथेच. त्यामुळे मे महिन्यात अख्खं सिल्वासा घामाने निथळत असताना सर माकडटोपी आणि मफलर घालून बसलेले असत, आणि बाहेरही तसेच येत. नवीन ट्रकवाल्यांना ते आजारी वाटायचे. एकाने त्यांना काढा आणून दिला होता, तो त्यांनी आवडीने प्यायला.

हेड ऑफिस मुंबईला होतं. तिथून यंत्रांना नावं देण्याची एक पद्धत ठरवून आली होती, अक्षरं आणि आकडे असलेली. सरांनी ती नीट वाचली, तिच्यावर चहाचा कप ठेवला आणि यंत्रांना भाज्यांची नावं दिली. अकाउंट्सचं कारलं, स्टोअरचा दोडका, पर्सोनेलची गवार, आणि ऑर्डरी घेणारं डिस्पॅचचं पडवळ. मी विचारलं, देवांची नावं का नाही दिली, शुभ वाटली असती. ते म्हणाले, यंत्र आज ना उद्या बंद पडणारच. 'मारुती बंद पडला' म्हणून कोणी ओरडलं तर कारखान्यात दंगल होईल. दोडका बंद पडला तर कोणाच्या भावना दुखावत नाहीत. अकाउंट्सचे गुजराती काका रोज सकाळी फोन करून रडवेल्या आवाजात सांगत, "साहेब, मारुं कारेलुं चालतुं नथी," आणि सर तितक्याच गंभीरपणे सांत्वन करत.

या सगळ्यांच्या वर होता कांदा. त्याला जग डीएनएस सर्व्हर म्हणतं. यंत्रं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, आपल्याला मात्र नावं लक्षात राहतात. कोणी पडवळाला पत्र, म्हणजे ई-मेल, पाठवलं की त्याचं यंत्र आधी कांद्याला विचारतं, पडवळाचा नंबर काय? कांदा सांगतो, मग पत्र जातं. कांद्याशिवाय एकही भाजी होत नाही, म्हणून तो कांदा.

पहिल्या दिवशी त्यांनी मला हे जवळच्या सुरंगी गावावरून शिकवलं. समज, तुला सुरंगीला एका माणसाचं घर शोधायचंय. सिल्वासाच्या नाक्यावर विचारलंस तर नाकेवाला सांगेल, मला माहीत नाही, सुरंगीच्या फाट्यावर विचारा. फाट्यावरचा म्हणेल, अमक्या पाड्यावर विचारा. पाड्यावरचा माणूस बोट करून घर दाखवेल. ते खरं उत्तर. पण नाक्यावरचा पानवाला फार चतुर असतो. एकदा ऐकलेलं तो लक्षात ठेवतो आणि पुढच्याला तिथेच सांगून टाकतो. त्याने वेळ वाचतो, यात वाद नाही. पण दरम्यान त्या माणसाने घर बदललं असेल, तर पानवाला बिनदिक्कत जुन्या घरी पाठवतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर शंकेची रेषही नसते. म्हणून प्रत्येक उत्तराला मुदत असते. मुदत संपली की लक्षात असलेलं विसरायचं आणि मूळ ठिकाणी पुन्हा विचारायचं.

हे तत्त्व ते यंत्रांपुरतं ठेवते तर बरं झालं असतं. शनिवार-रविवारी दारूबंदीच्या गुजरातेतून, वापीकडून, सुरतेकडून गाड्या भरभरून माणसं सिल्वासात येत, कशासाठी ते सांगायला नको. काच खाली करून ती सरांना विचारत, चांगला बार कुठे आहे? सर अतिशय नम्रपणे सांगत, मला माहीत नाही, पण कोणाला माहीत आहे ते मला माहीत आहे. आणि त्यांना पोलीस चौकीवरच्या हवालदाराकडे पाठवत. यात खोटं काय, असं ते मला विचारत. हवालदाराला खरंच सगळे बार माहीत होते.

फोनवर 'नेट बंद आहे' अशी तक्रार आली की सरांना स्फुरण चढे. सगळ्यांचं बंद आहे की तुमचं एकट्याचं? एकट्याचं असेल तर तुमचं यंत्र विचारतं कोणाला? बहुतेक वेळा निघायचं ते हे, की शेजारच्याने दुसऱ्या कुठून तरी उतरवलेल्या सेटिंग्ज यानेही उतरवल्या आहेत आणि त्याचं यंत्र बिचारं भलत्यालाच पडवळाचा पत्ता विचारत बसलंय. तसं नसेल तर पुढचा प्रश्न. नाव टाकून होत नाही ना, मग नंबर टाकून बघा. नंबराने झालं, तर रस्ता ठीक, दोष कांद्याचा. नंबरानेही नाही झालं, तर कांद्याला शिव्या देऊ नका, वायर बघा. एकदा स्टोअरचा दोडका असाच गेला होता. सरांनी फोनवर सगळी उलटतपासणी केली, शेवटी स्वतः गेले, तर वायर उंदराने खाल्लेली. परत येऊन म्हणाले, उंदराला मात्र मूळ ठिकाण बरोबर सापडलं.

कॉलनीत त्यांची दहशत होती. उद्या पाणी येणार नाही, अशी एकदा हाकाटी उठली. घराघरांतून बादल्या, पातेली, पिंपं भरली जाऊ लागली. सर माकडटोपी घालून निघाले. तुम्हाला कोणी सांगितलं? समोरच्या वहिनींनी. वहिनी, तुम्हाला? वरच्या मजल्यावरच्यांनी. असं करत करत ते शेवटी आपल्याच स्वयंपाकघरात काकूंसमोर येऊन उभे राहिले. काकू कणीक मळता मळता शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच तर सकाळी म्हणालात, टाकी धुवायला काढली पाहिजे." ही गोष्ट मला काकूंनी सांगितली. सरांना विचारलं तर ते म्हणत, बायकोचं उत्तर ग्राह्य धरू नये, तिची मुदत कधी संपतच नाही.

आता माझं सांगते. मी धुळ्याची, डिप्लोमा करून इथे आलेली. माझ्या मामांनी शिरपूरचं एक स्थळ ठरवल्यासारखं करून ठेवलं होतं, कापसाच्या व्यापारातलं, घरचं चांगलं. वर्षभर नोकरीची हौस भागवून घे, मग बार उडवू, असं घरात बोलणं झालं. मला कोणी काही विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. आमच्याकडे मुलगी गप्प बसली की ती लाजली असं धरतात. सिल्वासाला आल्यावर मला माझ्या पगाराची, हॉस्टेलच्या खोलीची आणि कांद्याचीही चटक लागली. दिवाळीला घरी गेले तरी मी काही बोलले नाही. नोकरी आहे तोवर निमित्त आहे, एवढ्यावर मी निभावत होते. नोकरी गेली की धुळे, आणि धुळ्याला गेले की शिरपूर, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि नोकरी जायची वेळ आली. मुंबईला नवे साहेब आले होते, तरुण, टायवाले, भाज्यांवर मनापासून चिडलेले. हे खातं सिल्वासात हवंच कशाला, सगळं मुंबईहून चालवू, असं त्यांचं म्हणणं. त्याच सुमाराला राखोलीला नदीच्या बाजूने आमचं नवीन युनिट उभं राहिलं आणि पडवळ तिकडे हलवायचं ठरलं. साहेबांनी सरांना स्वच्छ सांगितलं, की हलवाहलवीत एक दिवस जरी मुंबईच्या ऑर्डरी अडकल्या, तर तुमचं खातं बंद. सरांनी हे मला सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदाच त्यांना विचारलं, कोणी सांगितलं? ते म्हणाले, मूळ ठिकाणाहूनच आलंय, रडायला हरकत नाही.

तयारी त्यांनी चोख केली. जागा बदलली की नंबर बदलणार. म्हणून आठवडाभर आधीच त्यांनी पडवळाच्या पत्त्याची मुदत कमी करून टाकली, म्हणजे कोणताही पानवाला जुना पत्ता फार वेळ डोक्यात ठेवणार नाही. दुसरी एक खबरदारी ते मला उठता-बसता शिकवत. मुंबईला कांद्याचा एक जोडीदार सर्व्हर होता, आपली पत्त्यांची यादी उतरवून घेऊन तिकडच्यांना उत्तरं देणारा. तो दर वेळी सगळी यादी वाचत बसत नाही. यादीच्या डोक्यावर एक आकडा असतो, तेवढा बघतो. आकडा वाढलेला दिसला तरच नवी यादी उतरवतो. नाहीतर काही बदललं नाही असं समजून स्वस्थ बसतो. "यादीला हात लावलास की आकडा वाढव," असं ते मला इतक्या वेळा म्हणाले होते, की मला ते स्वप्नातही ऐकू यायचं.

पडवळ सकाळी टेम्पोतून राखोलीला गेलं. सरांनी स्वतः कांद्यावर नवा नंबर टाकला, सिल्वासातून पत्र पाठवून बघितलं, पोचलं. त्यांनी मफलरची एक नवी गाठ मारली आणि मला पेढे आणायला पाठवलं. मी पेढे घेऊन आले तर खोलीत मामा बसले होते.

धोतर, टोपी, मांडीवर पिशवी. एसीने काकडलेले. आमच्या गावचा कोणी इथे स्पिनिंगला होता, त्याने घरी सांगितलं होतं की पोरीचं ऑफिस बंद होतंय. ते ऐकून मामा मला न्यायला आले होते. शिरपूरवाल्यांना त्यांनी येतानाच शब्द दिला होता. माझ्या हातातला पुडा तसाच राहिला.

तेवढ्यात मुंबईचा फोन वाजला. तिकडून पाठवलेली एकही ऑर्डर राखोलीला पोचत नव्हती. साहेब म्हणाले, संध्याकाळी ऑफिस सुटेपर्यंत वाट बघतो, त्यानंतर मालकांशी बोलतो.

सर कामाला लागले. नंबराने जातंय का? जातंय. म्हणजे रस्ता ठीक. मुंबईतल्या एकाचंच अडलंय की सगळ्यांचं? सगळ्यांचं. त्यांच्या यंत्रांना पत्ता कोणी सांगितला? मुंबईच्या जोडीदाराने. काय सांगितला? जुनाच. आता जुना पत्ता तर केव्हाच विसरला जायला हवा होता, मुदत तर यांनी स्वतः कमी केली होती. सरांनी मुंबईच्या माणसाला यंत्रं बंद करून चालू करायला लावली. जुनाच. त्यांनी दोन्हीकडच्या सेटिंग्ज मोठ्याने वाचून घेतल्या. जुनाच. माकडटोपी उतरली. मी असं कधी पाहिलं नव्हतं. मामा आपले पिशवीतून आणलेल्या शेंगा फोडत होते.

मधल्या वेळात, मुंबईचा माणूस काहीतरी बघून सांगतो म्हणाला तेव्हा, सर खुर्ची फिरवून मामांकडे वळले. सवयच ती. मामा, पोरगी लग्नाला तयार आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं? मामा म्हणाले, माझ्या बहिणीने. बहिणीला कोणी सांगितलं? भावजींनी असेल. त्यांना? मामा जरा चिडले.

"मी काय म्हणतो साहेब, याच्यात विचारायचं काय? वर्षाआधी हे ठरलं तव्हा पोरगी काही बोलली नाही. दिवाळीले घरी आली तव्हाबी काही बोलली नाही. तिच्या मनात काही बदललं असतं, तर तिनं आम्हाले सांगितलं नसतं का? नाही सांगितलं, म्हंजे जुनं होतं तेच धरून चालायचं."

सर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "पुन्हा म्हणा."

मामा घाबरले. तरी त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा हळू आवाजात. सरांनी मफलर सोडवून टेबलावर ठेवला. त्यांना मान आहे हे मला त्या दिवशी कळलं. ते कांद्यासमोर जाऊन बसले, यादी उघडली आणि डोक्यावरच्या आकड्याकडे बोट केलं. नवा पत्ता होता, आकडा जुनाच होता. मुंबईचा जोडीदार बिचारा पुन्हा पुन्हा तो आकडा बघून, काही बदललेलं नाही असं समजून, इमानेइतबारे जुनं उत्तर देत बसला होता. त्याला बदललंय म्हणून कोणी कळवलंच नव्हतं.

"मी हुशार आहे असं तुला कोणी सांगितलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हीच, सर."

"बघ. मूळ ठिकाणच गंडलेलं होतं."

त्यांनी आकडा वाढवला, कांद्याला यादी नव्याने वाचायला लावली आणि मुंबईच्या जोडीदाराला उठवून पुन्हा विचारायला लावलं. थोड्या वेळात राखोलीहून फोन आला, की ऑर्डरींचा ढीग पडलाय आणि पडवळ दमलंय. मग टायवाल्या साहेबांचा फोन आला. दोष काय होता, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, जरा अवघड होता, मुद्दाम धुळ्याहून तज्ज्ञ बोलावले होते, त्यांनी बसल्या जागी शोधून काढला. साहेब प्रभावित झालेले फोनवरसुद्धा कळत होतं. त्यांनी तज्ज्ञांची फी विचारली. सरांनी मामांना विचारलं, पेढा घेणार का? मामांनी दोन घेतले.

मला वाटलं, सुटले. नोकरी वाचली, निमित्त वाचलं, आणखी एक वर्ष गप्प बसता येईल. पण सर मफलर गुंडाळत म्हणाले, "आमचं झालं मामा. आता तुमचं. तुम्ही सगळ्यांना विचारलंत. हिला विचारा."

"इथं? आत्ता?"

"मूळ ठिकाण समोर बसलंय. आणखी कुठे जाता?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं जन्मापासून पहिल्यांदाच ते मला काहीतरी विचारत होते, आणि त्यांनाही ते जड जात होतं. त्यांनी विचारलं, पोरी, तुले करायचं का हे लग्न? माझ्या तोंडून शब्द फुटेना. इतके दिवस उत्तर मनात घोळवलं होतं, पण कोणी विचारेल असं कधी वाटलंच नव्हतं. मामा म्हणाले, हे बघा, आताबी काही बोलत नाही, म्हंजे होच आहे. सरांनी हात वर करून त्यांना अडवलं.

"थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. घाई केलीत तर पुन्हा जुनंच घेऊन जाल."

ते थांबले. मामाही थांबले. मग मी म्हणाले, मामा, मला नाही करायचं. मला इथेच राहायचंय. एवढंच म्हणाले आणि रडले, आणि रडता रडता पेढा खाल्ला.

मामा वाईट नव्हते. त्यांना राग आला तो निराळ्याच गोष्टीचा. हे दिवाळीलाच सांगितलं असतं तर एसटीचा फेरा वाचला असता, असं ते म्हणाले, आणि खरंच होतं ते. मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी विचारलं, "मंग शिरपूरवाल्याले काय सांगू?"

"सांगा, पत्ता बदललाय," सर म्हणाले. "आणि या खेपेला आकडा वाढवून सांगा."

मामा रात्री सरांकडे जेवले. काकूंच्या हातची शेवभाजी आपल्याकडच्यासारखी तिखट नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. काकूंनी, तुम्हाला कोणी सांगितलं ती शेवभाजी आहे, असं विचारलं. वाण नाही पण गुण लागला, तो असा.

खातं पुढे काही वर्षं टिकलं. नंतर ते मुंबईला गेलंच, पण तोवर मी पुण्याला दुसरी नोकरी धरली होती, आणि लग्नही केलं, विचारून-सांगून. सर निवृत्त होऊन नाशिकला परतले. सुरुवातीला फोन होत, मग दिवाळीपुरते, मग तेही राहिले. मनात मात्र सर तसेच होते, माकडटोपीत, एसीखाली. त्यांच्याबद्दल काही विचारायला हवं असं मला वाटतच नसे.

मग एकदा धुळ्याहून मामांचा फोन आला. ते आता खूप थकले होते. म्हणाले, पोरी, तुझा तो कांदेवाला साहेब गेला म्हणतात. मी पोळ्या करत होते, तव्यावरची पोळी जळली. किती तरी वेळाने मला सुचलं आणि मी विचारलं, मामा, कोणी सांगितलं? मामा ओशाळून म्हणाले, कारखान्यातला एक जण भेटला होता, त्याला दुसऱ्या कोणी सांगितलं. मूळ ठिकाणी विचारायचं राहूनच गेलं.

मी नाशिकचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली, आणि पलीकडून तोच आवाज आला, थोडा बारीक झालेला. मी म्हणाले, "सर, तुम्ही गेलात असं कळलं."

"कोणी सांगितलं?"

मामांनी, म्हटलं. मामांना कोणी? मी सगळी साखळी सांगितली. ते खूश झाले. आणि म्हणाले, चला, तू तरी मूळ ठिकाणी विचारलंस. जाणार तर आहेच, पण आधी आकडा वाढवीन, कळेल तुला.

मग त्यांनी विचारलं, "याआधी शेवटचं कधी विचारलं होतंस?"

वर्षं आठवेनात. फोन कानाला लावून मी उभी राहिले आणि डोळे वाहायला लागले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "सावकाश. मी थांबलोय. उत्तर यायला वेळ लागतो."

"रविवारी येते, सर," मी म्हणाले.

"रविवारी मी घरी असतो, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही," मी म्हणाले. "म्हणून तर विचारतेय. आहात ना?"